शॅमेलिऑन : पाळण्याची हौस आणि पाहण्याची सोय

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय : शॅमेलिऑन घरी पाळणे व त्याची पैदास करणे यावरील बंदी, परदेशी जातींची नोंदणी आणि नागपूर परिसरात अधिकृत निरीक्षणकक्ष उभारण्याची विनंती

महोदय,

भारतीय शॅमेलिऑन घरी ठेवणे, जोडी जमवून त्याची पिले काढणे किंवा त्याची खरेदी-विक्री करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि ती बंदी शिथिल व्हावी असे सुचवण्याचा या पत्राचा हेतू नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, बंदीमुळे प्राणी पिंजऱ्यात ठेवण्याचा अधिकार जातो, परंतु तो प्राणी जवळून पाहण्याची ओढ जात नाही. त्या ओढीला कायद्याच्या चौकटीत जागा मिळाली नाही, तर ती माळ्यावरच्या खोक्यांत आणि जाळीच्या कपाटांत चोरून वाढते, आणि तेथे प्राण्याचे हाल होतात तसे पाळणारा माणूसही नकळत आरोपी ठरतो. हे पत्र जेथून लिहिले जात आहे ते कामठी हे कन्हानकाठचे छावणीचे गाव नागपुरापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. वनविभागाचे राज्य मुख्यालय, पशुवैद्यक महाविद्यालय आणि गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय ही तिन्ही त्याच्या हाताशी असल्यामुळे हा प्राणी अधिकृतपणे जवळून पाहता येईल अशी जागा उभी करणे राज्यात इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा येथे सोपे आहे.

ज्या प्राण्याविषयी हे लिहिले जात आहे तो कुंपणावर मान वरखाली करणारा आणि विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा बागसरडा नव्हे. शॅमेलिऑन, ज्याला काही भागांत घोयरा सरडा म्हणतात, हा त्याहून वेगळ्या कुळातला प्राणी असून भारतात त्याची एकच जात आढळते. कॅमेलिओ झेलॅनिकस हे तिचे शास्त्रीय नाव लॉरेन्टी या ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये दिले. द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंका हा तिचा प्रदेश आहे, आणि बाभूळ, बोर, कडुनिंब अशी झाडे व त्यांच्याभोवतीची झुडपे ही तिची नेहमीची वस्ती. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशा दोन गटांत जुळलेली असतात व पुढच्या पायात तीन बोटे आतल्या बाजूला, तर मागच्या पायात बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल फांदीला चिमट्यासारखे पकडते. शेपटी पाचव्या पायाचे काम करते, पण पालीसारखी तुटून पुन्हा उगवत नाही. आणि दोन्ही डोळे परस्परांवर अवलंबून न राहता फिरत असल्यामुळे एकच प्राणी एकाच वेळी पुढचा किडा आणि मागून येणारा शिकरा पाहू शकतो. भक्ष्य दिसताच मात्र दोन्ही डोळे एका दिशेला वळतात, अंतराचा अंदाज घेतला जातो आणि शरीराच्या लांबीहूनही लांब जाणारी जीभ बाहेर फेकली जाते. या फेकीमागे केवळ स्नायूंचे बळ नसून जिभेच्या हाडाभोवती ताणून ठेवलेल्या लवचीक आवरणांत साठवलेली ऊर्जा असते, आणि जिभेच्या टोकावरचा स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असल्याने किडा त्याला चिकटून येतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसून आले.

या प्राण्याला विष नाही, त्याची फुंकर लागून कोणी आजारी पडत नाही आणि तो आडवा गेल्याने काम बिघडत नाही. तरीही त्याला पाहताच दगड उचलणारे हात कमी नाहीत, आणि त्याच्या रंगांविषयीचा गैरसमज तर शिकलेल्यांतही पक्का आहे. ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग शॅमेलिऑन घेतो, ही समजूत चुकीची आहे. रंगातील बदल मुख्यतः तापमान, प्रकाश, भीती, दुसऱ्या नराशी होणारी स्पर्धा आणि मादीचा होकार-नकार यांच्याशी जोडलेला असतो. तो कसा घडतो याचा उलगडा जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या अभ्यासातून झाला. त्याच्या त्वचेतील काही पेशींमध्ये ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात व निळा प्रकाश परावर्तित करतात, आणि त्यावरच्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे त्वचा हिरवी दिसते. प्राणी चेतला की स्फटिकांतील अंतर वाढते आणि त्वचा पिवळसर किंवा तांबूस होते. म्हणजे घरातल्या पिंजऱ्यात एखादा शॅमेलिऑन काळवंडला, तर तो भोवतालात मिसळण्याचा प्रयत्न करत आहे असे न समजता त्याला थंडी, भीती किंवा आजार जडला आहे का हे पाहावे लागते. पाळणाऱ्याला जो खेळ वाटतो तो बहुतेक वेळा त्या प्राण्याचा त्रागा असतो.

कायद्याची स्थिती दोन भागांत समजून घ्यावी लागते, आणि सामान्य माणसाचा घोटाळा नेमका या दोन भागांच्या सीमेवर होतो. पहिला भाग देशी शॅमेलिऑनचा. मूळ अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत असलेल्या या प्राण्याचे संरक्षण २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी केल्यावरही कायम राहिले आहे. अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे आणि सापळा लावणेही येते, तसेच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासवणे किंवा हलवणेही येते. म्हणून धुऱ्यावर सापडलेली अंडी ‘उबवून पाहू’ म्हणून घरी आणणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. कलम ३९ नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता असून तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवणे बंधनकारक आहे. शिक्षेची सर्वसाधारण तरतूद ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत ती याहून कडक होते.

दुसरा भाग परदेशी जातींचा. येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या जगभरच्या पाळीव व्यापारातील दोन प्रमुख जाती आहेत, आणि वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्यांचा समावेश आहे. या परिशिष्टातील जातींचा व्यापार सरसकट बंद नसतो, परंतु परवान्याशिवाय होऊ शकत नाही. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य असला, तरी देशांतर्गत पाळणाऱ्यांची नोंद ठेवणारी तरतूद अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीनेच आली. त्यानुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झालेल्या सजीव प्राणी प्रजाती (अहवाल व नोंदणी) नियमांनी अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची नोंद परिवेश या संकेतस्थळामार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करणे आवश्यक केले. परिणामी एकाच पेठेत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने बाभळीवरचा शॅमेलिऑन पकडून आणला आणि दुसऱ्याने कागदपत्रांसह परदेशी जातीचा विकत घेतला, तर पहिला कोणत्याही परिस्थितीत दोषी ठरतो, आणि दुसरा नोंदणी केली नाही तरच. हा फरक समजावून सांगणारे सोप्या मराठीतले पत्रक पंचायत समिती, शाळा आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत लावले जाणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीची गरज आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी कामठीच्या हवेत शॅमेलिऑनचे घरगुती पालन का फसते हे तपशिलाने सांगणे उचित होईल, कारण ‘मनाई आहे’ या उत्तरापेक्षा ‘जगत नाही’ हे उत्तर जिज्ञासूला अधिक पटते. शॅमेलिऑन वाटीतले पाणी बहुधा ओळखत नाही. पानांवर जमलेले दव आणि पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवतो, म्हणून पिंजऱ्यात दिवसातून अनेकदा फवारा मारावा लागतो किंवा पानांवर थेंब-थेंब पाणी पडत ठेवावे लागते. त्याच्या हाडांना कॅल्शियम लागते आणि ते पचवण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व, जे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या मध्यम पट्ट्यामुळे त्वचेत तयार होते. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे खिडकीजवळ ठेवलेला प्राणी उन्हात बसलेला दिसूनही उपाशीच राहतो. काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, पायांची हाडे वाकतात, आणि फांदी धरणारी पकड सुटून तो खाली पडू लागतो. पशुवैद्यक ज्याला चयापचयी अस्थिविकार म्हणतात तो हा आजार पाळलेल्या सरड्यांमध्ये सर्वत्र आढळतो, आणि वाकलेले हाड उपचारानेही पूर्ववत होत नाही.

त्यात विदर्भाच्या उन्हाळ्याची भर पडते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, आणि त्या पट्ट्यातल्या कोणत्याही मे महिन्यात रात्रीचा पाराही तिशीच्या आसपास रेंगाळतो. देशी शॅमेलिऑन याच उन्हाळ्यात झाडावर तग धरतो, परंतु तो तसे करू शकतो ते उन्हाच्या सरकण्याबरोबर फांदीची बाजू बदलून, दाट पानोळ्यात शिरून आणि पहाटेचा गारवा साधून. दोन फुटांच्या पिंजऱ्यात सरकायला दुसरी बाजूच नसते. खोलीत कूलर लावला तर ओल वाढते, हवेचा झोत सतत अंगावर येतो आणि प्राणी गारठतो. बंद केला तर खोली तापते. आणि वीज गेली तर दोन्ही उपाय एकदम संपतात. खाद्याची अडचण याहून अवघड आहे. त्याला जिवंत आणि विविध किडे लागतात. कापूस, सोयाबीन आणि धानाच्या वावरातून पकडून आणलेल्या नाकतोड्यांवर फवारणीचा अंश असू शकतो, आणि घरी रातकिडे वाढवायचे तर त्यांना हिरवा पाला व कॅल्शियमची भुकटी खाऊ घालून मगच ते शॅमेलिऑनला द्यावे लागतात, अन्यथा पोट भरते पण पोषण होत नाही.

प्रजननाचा विषय सर्वांत मोहाचा आणि सर्वांत घातक आहे. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी असल्याने नर-मादी एका पिंजऱ्यात कायम ठेवता येत नाहीत. दोन नरांना एकमेकांचे नुसते दर्शन घडत राहिले, तरी ते अन्न सोडतात. समागमानंतर मादीचा रंग गडद होतो, ती नराला जबडा वासून दूर ठेवते, आणि पोट अंड्यांनी भरत गेले की खाणे कमी करून जमिनीवर उतरते. देशी जातीची मादी मातीत बीळ खोदून १० ते ३० च्या आसपास अंडी घालते. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी नर नसतानाही वांझ अंडी धरते, आणि तिला खाऊ घालावे तितकी त्यांची संख्या वाढून आयुष्य घटते. या टप्प्यावर तिला वीत-दीड वीत खोल, हाताने दाबली तर गोळा टिकेल इतकी ओलसर वाळू-माती हवी असते. ती एक खड्डा उकरते, सोडते, दुसरा उकरते, डोके आत घालून पुढच्या पायांनी माती मागे सारते, आणि अशा वेळी कोणी पाहत उभे आहे असे तिला जाणवले, तर काम अर्धवट टाकून पुन्हा फांदीवर चढते. जागा मिळाली नाही किंवा वारंवार व्यत्यय आला, तर अंडी पोटातच अडकतात, आणि तातडीने उपचार न झाल्यास मादी दगावते. व्हेल्ड शॅमेलिऑनची अंडी सुमारे २८ अंश तापमानात सहा ते नऊ महिने सांभाळावी लागतात. एवढ्या काळात येथील तिन्ही ऋतू येऊन जातात. पिले निघाल्यावर त्यांना पहिल्या दिवसापासून फळमाश्यांएवढे बारीक किडे लागतात, आणि काही आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र जागा द्यावी लागते. एका विणीतून पंचवीस पिले निघाली, तर पंचवीस पिंजरे कोठून आणायचे, हा प्रश्न पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. युरोप-अमेरिकेतील हौशी पालकांनी शॅमेलिऑनच्या आहाराविषयी, प्रकाशाविषयी आणि अंडी उबवण्याविषयी पुष्कळ व्यावहारिक ज्ञान जमवले, व्हेल्डसारख्या जातींची बंदिवासातच पैदास होऊ लागल्याने रानातून पकडण्याची गरज घटली, आणि मग भारतातील हौशी माणसाला तेवढाच वाव का नसावा, असे विचारले जाते. या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते परदेशी जातींपुरते आणि काटेकोर नोंदणीच्या अटीवर. देशी शॅमेलिऑनला बाजार मिळाला की रानातून उचललेला प्राणी ‘घरी जन्मलेला’ म्हणून विकणे कोणालाही साधते, आणि दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन तपासनिसाकडे नसते. शिवाय आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत ही जात सध्या अल्प चिंतेच्या गटात आहे. तिला घरगुती पैदाशीने वाचवण्याची वेळ आलेली नाही, तिची झाडे वाचवली तरी पुरे. कंटाळून सोडून दिलेल्या परदेशी प्राण्याचा धोका तर वेगळाच आहे. १९७२ मध्ये हवाई बेटांवर पाळीव व्यापारासाठी आणलेले पूर्व आफ्रिकेतील तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन बाहेर सुटले आणि तेथे कायमचे स्थिरावले. स्थानिक गोगलगायी आणि किडे हे आज त्यांचे भक्ष्य आहे. कन्हानच्या काठी तसे घडू नये यासाठी नको झालेला प्राणी निर्धास्तपणे आणून देता येईल अशी जागा असणे, हे दंडाच्या भीतीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

कामठीच्या देशी शॅमेलिऑनला पिंजऱ्याखेरीज आणखीही संकटे आहेत आणि ती मोठी आहेत. छावणी १८२१ मध्ये वसली तेव्हापासून तिच्या रस्त्यांवर मोठी झाडे आणि मोकळ्या जागा राखल्या गेल्या. जबलपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मात्र वस्ती वाढत आहे, आणि नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंतचा मार्ग कामठीतूनच जातो. विकासाला विरोध करण्याचे हे स्थान नव्हे, परंतु सरड्याची धाव म्हणीने ज्या कुंपणापर्यंत ठरवून दिली ते कुंपणच आता काटेरी झुडपांऐवजी सिमेंटचे झाले आहे, ही वस्तुस्थिती आहे. शॅमेलिऑन संथ चालतो, वाऱ्यात हलणाऱ्या पानासारखा डोलत एकेक पाऊल टाकतो. झाडावर ही चाल त्याला लपवते आणि डांबरी रस्त्यावर तीच त्याचा जीव घेते. अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरलेल्या मादीला हा धोका सर्वाधिक असतो, आणि एका मादीबरोबर एक संपूर्ण वीण चिरडली जाते.

जवळून पाहिल्याने भय आणि हाव या दोन्ही गोष्टी कमी होतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले, आणि साप दिसताच काठी उचलणाऱ्या समाजातील शाळकरी मुलांना जिवंत साप शांतपणे पाहण्याची, त्यातला विषारी कोणता व बिनविषारी कोणता हे शिकण्याची सोय झाली. शॅमेलिऑनच्या बाबतीत नागपूर परिसराला हे काम करता येण्याजोगे आहे. त्या दृष्टीने पुढील चार विनंत्या आपल्यापुढे ठेवल्या जात आहेत.

पहिली, बागसरडा, देशी शॅमेलिऑन आणि परदेशी शॅमेलिऑन यांची चित्रांसह ओळख, प्रत्येकाची कायद्यातील स्थिती आणि वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक देणारे एकपानी मराठी पत्रक कामठी, कन्हान आणि नागपूर परिसरातील शाळांत व दुकानांत वाटले जावे.

दुसरी, परदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी ठरावीक दिवशी तालुका पातळीवर मदतकक्ष बसवावा, कारण संकेतस्थळावर अर्ज भरणे, जन्म-मृत्यूची नोंद करणे आणि कागदपत्रे जोडणे ही कामे जमत नाहीत म्हणून टाळणाऱ्यांत आणि जाणूनबुजून लपवणाऱ्यांत फरक करता आला पाहिजे. ज्यांना प्राणी सांभाळणे झेपत नाही त्यांच्याकडून तो स्वीकारण्याची व्यवस्थाही याच कक्षाशी जोडावी.

तिसरी, २६ जानेवारी २०२१ रोजी खुल्या झालेल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे निकष पाळून, एक शॅमेलिऑनकक्ष उभारावा. त्यासाठी रानातून एकही प्राणी पकडण्याचे कारण नाही. अपघातात पाय गमावलेले, पतंगाच्या मांजाने जखमी झालेले आणि पुन्हा सोडता न येणारे प्राणी नागपुरातील सेमिनरी हिल्सच्या वन्यजीव उपचार केंद्रात आले, तर तेच तेथे ठेवता येतील. त्यांच्यात वीण झाली तर खड्डा खोदणाऱ्या मादीला व्यत्यय न आणता कॅमेऱ्यातून ते पाहता येईल, आणि नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अस्थिविकाराचा व अडलेल्या विणीचा प्रत्यक्ष अनुभव मिळेल.

चौथी, पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत कामठी तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून दिसलेल्या व रस्त्यावर मेलेल्या शॅमेलिऑनांची नोंद करून घ्यावी. प्राण्याला हात न लावता फोटो, ठिकाण, झाड आणि वेळ एवढीच माहिती लिहायची असेल तर त्याला विशेष खर्च नाही; आणि कोणत्या रस्त्यावर झुडपे राखायची, कोठे फलक लावायचा, हे ठरवण्यासाठी वनविभागाला स्थानिक आधार मिळेल.

यांपैकी पत्रक आणि मदतकक्ष येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू होऊ शकतात, नोंदवही त्याच पावसाळ्यात उघडता येते, आणि गोरेवाड्यातील कक्षाला वेळ लागला तरी त्याचा निर्णय आज घेता येतो. हे झाले तर शॅमेलिऑन पाळू इच्छिणाऱ्या कामठीच्या मुलाला ‘नाही’ म्हणताना त्याच दमात ‘येथे जा आणि पाहा’ असेही सांगता येईल, आणि बंदीचे पालन करून घेण्यासाठी वनरक्षकाला तेवढे उत्तर पुरेल.

कळावे,
कामठी, जि. नागपूर येथील एक नागरिक